फेर्मिनची चूल कोणी पेटवू नका

एदुविना नावेल्किन मला पहिल्यांदा भेटली ती माझ्याच घराच्या जमिनीखालून.

लास बांदुरियासला राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी चुलीवर किटली ठेवून मी स्वयंपाकघरात येरझारा घालत होतो. तेवढ्यात पायाखालून आवाज आला, "कोण नाचतंय रे वर? घोडा पाळलायस का?"

आवाज असा की किटलीचं झाकण उडालं, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्यांनी चरणं थांबवून माझ्या घराकडे पाहिलं. हे मी शपथेवर सांगतो. मी दोन्ही पाय एकाच वेळी उचलायचा प्रयत्न केला. मग फळ्यांमधली चौकोनी झडप उघडली. आधी एक फावडं वर आलं. मग लोकरीची टोपी. मग खांदे, ते मात्र तिरके करून, हप्त्याहप्त्याने आणावे लागले. शेवटी पिवळे रबरी बूट. ती सगळीच्या सगळी बाहेर आल्यावरही मी झडपेकडे बघत राहिलो, कारण हा एवढा ऐवज एकाच बाईचा असेल यावर माझा विश्वास बसत नव्हता.

"तुझा पाइप नागडा आहे," ती म्हणाली.

मी नकळत स्वतःकडे पाहिलं.

"तुझा नव्हे, घराचा! जून लागायला आला, हिवाळा दारात आहे आणि त्याच्या अंगावर एक केस नाही. लाज कशी वाटत नाही तुला?"

"आपण कोण?" मी विचारलं.

"आधी किटली उतर. उकळत्या पाण्याने येर्बा करपतो. मग सांगते मी कोण."

तिने कधीच सांगितलं नाही. येर्बाचा पेला तिने माझ्या हातून काढून घेतला, नळी तोंडात धरून तो कडू काढा खळखळ आवाज होईपर्यंत ओढला, पुन्हा भरून माझ्या हातात दिला आणि झडपेतून परत खाली गेली. दुपारपर्यंत माझ्या पाइपाला कपडे घालून झाले होते.

आमच्याकडे घरं लाकडी ठोकळ्यांवर उभी असतात आणि पाण्याचा पाइप त्या पोकळीतून जातो. वरून वारा, खालून वारा. जुलैत, म्हणजे जगाच्या या दक्षिण टोकाच्या ऐन हिवाळ्यात, पाइपातलं पाणी गोठतं, फुगतं आणि लोखंडसुद्धा शेंगेसारखं उकलतं. एदुविनाने तरुणपण लोकर कातरणाऱ्या टोळ्यांबरोबर स्वयंपाकीण म्हणून फिरण्यात घालवलं होतं. त्यामुळे कुठल्या मेंढपाळाकडे पोटाखालची आणि शेपटीची, कोणी विकत घेत नाही अशी लोकर पडून आहे, हे तिला पाठ. ती लोकर न धुता, तेलकट, काटक्याकुटक्यांसकट आणायची आणि पाइपाभोवती गुंडाळून वरून गोणपाट बांधायचं.

"धुवून का नाही घेत?" मी एकदा नाक धरून विचारलं.

"मेंढीला धुवून थंडीत उभी कर, मग बघ किती वेळ टिकते."

उन्हाळ्यात आमच्या गावाला मेंढीचा वास येतो तो यामुळे. गावातले कुत्रे घराखाली त्या पाइपाशी असे भक्तिभावाने पडून असतात, की एखादा पाहुणा तिथे काही पुरलंय का विचारतो.

पण लोकर गुंडाळून भागत नाही. वाहतं पाणी सहसा गोठत नाही, म्हणून थंडीच्या रात्री नळ थोडा सोडून ठेवायचा. किती थोडा, यावरून गावात भांडणं व्हायची, तर तिने माप ठरवून दिलं होतं: शिवणाच्या दोऱ्याएवढा नको, घोड्याच्या दाव्याएवढा नको, बुटाच्या नाडीएवढा. अंधार पडायच्या सुमारास ती प्रत्येक खिडकीशी कान लावत फिरायची. ज्या घरातून धारेचा आवाज आला नाही, त्या घरात थेट आत. दार ठोकायची पद्धत आमच्याकडे आहे, तिच्याकडे नव्हती. नव्याने लग्न झालेल्या कित्येक जोडप्यांनी आयुष्यातली पहिली कडाक्याची शिवी अशा वेळी ऐकली, आणि तीही नळाबद्दल.

आणि मग चूल. आमच्या लोखंडी चुलीच्या पोटात पाइपाचं वेटोळं असतं. पाणी त्यातून तापत वर चढतं आणि माळ्यावरच्या पिंपात जाऊन बसतं. घरभर गरम पाणी. सोयीची गोष्ट आहे. मात्र खालचा आणि वरचा पाइप गोठलेला असताना कोणी चूल पेटवली, तर वेटोळ्यातल्या पाण्याला जायला वाट उरत नाही. त्याची वाफ होते. वाफेलाही वाट नसते. पुढचं ओतीव लोखंड ठरवतं.

एदुविना लहान असताना तिच्या आईच्या चुलीने ते ठरवलं होतं. आई सरपण आणायला अंगणात गेली होती म्हणून वाचली. चुलीचं दार भिंतीतून आरपार गेलं आणि शेजाऱ्याच्या बटाट्याच्या वाफ्यात सापडलं. लोक आपापल्या स्वयंपाकघरात एखाद्या संताची तसबीर लावतात; एदुविनाने ते वाकडं झालेलं दार लावलं आहे. त्याच्यासमोर मेणबत्ती मात्र लावत नाही. आगीचं नाव नको म्हणते.

या सगळ्यातून तिचा एक अभिमान तयार झाला होता, आणि तो तिच्या आवाजाच्या मापाचा होता. "माझ्या हाताखालचा पाइप आजवर गोठला नाही," हे वाक्य ती बारशाला म्हणायची, लग्नाला म्हणायची, आणि एकदा तर मयताला म्हणाली, कारण मयत झालेल्या गृहस्थाचा पाइप गोठला होता.

हे वाक्य ऐकून न दबणारा गावात एकच माणूस होता. फेर्मिन ओयार्सो. पूर्वी ट्रक चालवायचा, आता विधुर, एदुविनाचा समोरचा शेजारी. सगळं गाव तिला आदराने 'दोन्या' म्हणतं. हा तिला आडनावाने हाक मारायचा. दोघं रोज दुपारी एकाच पेल्यातून येर्बा प्यायची आणि भांडायची. भांडणाशिवाय येर्बा दोघांनाही पचत नसे.

पुढे काही वर्षांनी फेर्मिनचा खुबा बदलायचा ठरला. कोयाइकेच्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. घर अर्थातच एदुविनाच्या ताब्यात. निघायच्या आदल्या दिवशी मी तिथे होतो.

"मी तुझा सगळा पाइप रिकामा करून ठेवते," ती म्हणाली. "पाणीच नाही तर गोठणार काय?"

"पान्याला हात लावायचा नाही, नावेल्किन. ते सांधे माझ्या आईच्या लग्नातले आहेत. एक फिरवलास की सगळे गळायला लागतील."

"म्हणजे तुझ्यासारखेच."

"मला निदान नवीन खुबा मिळतोय. पाइपाला कोण देणार? धार चालू ठेव, रोज जरा चूल पेटव. बास."

"आणि गोठला तर?"

फेर्मिनने पेला खाली ठेवला आणि डोळे बारीक केले. "तुझ्या हाताखाली? गावभर काय सांगत फिरतेस मग?"

झालं. यापुढे तिने पाइप रिकामा करणं शक्य नव्हतं. एवढ्याशा टोमण्याने माणसं अडकतात.

जुलैच्या मध्यावर थंडीने आपला रंग दाखवला. वारा पडला, आकाश काचेसारखं निवळलं, आणि सकाळी अंगणात टांगलेले कपडे उभेच्या उभे काढून भिंतीला टेकवून ठेवावे लागले. अशाच एका सकाळी एदुविना माझ्या पिकअपमध्ये येऊन बसली. खोऱ्याच्या वरच्या टोकाला तिच्या भाच्याचा मेंढवाडा आहे. तिथून लोकर आणायची होती. जाताना ती गप्प होती. लोकर भरताना गप्प होती. भाच्याने तळलेले पाव पुढे केले, तेही तिने गप्प राहून खाल्ले. मला वाटलं, दात दुखत असेल. तिच्यासारख्या बाईला गप्प बसवायला निदान दोन दाढा तरी लागल्या असत्या.

परत निघालो तेव्हा गाडीच्या रेडिओवर दुपारचे निरोप लागले होते. आमच्या खोऱ्यांत फोन लागत नाही, म्हणून लोक आपले निरोप रेडिओला कळवतात आणि बाल्दोमेरो नावाचा निवेदक ते जेवणाच्या वेळेला वाचून दाखवतो. कोणाची गाय व्याली, कोणी घोडा घेऊन फाट्यावर थांबावं, कोणाला जावई पसंत नाही, सगळं सगळ्यांना कळतं.

"लास बांदुरियासकरांसाठी," बाल्दोमेरो म्हणाला. "फेर्मिन ओयार्सो कळवतात की डॉक्टरांनी आधीच सोडलं. आजच्या बसने येतोय. काठी आहे. कोणी उतरवून घ्यायला आलं तर उपकार, न आलं तरी येतोच."

मी हसलो. "बघ दोन्या, तुझ्याशी भांडल्याशिवाय करमेना त्याला."

ती हसली नाही. तिने समोरच्या फळीवर पंजा आपटला.

"पळव."

"बर्फ आहे."

"पळव म्हणते ना!"

मी वेग वाढवला आणि तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

"त्याचा पाइप गोठलाय," ती म्हणाली.

"कोणाचा?"

"फेर्मिनचा. सकाळी गेले तर धार नव्हती. माळ्यावरचं पिंप ठोकून पाहिलं. दगड. वरपासून खालपर्यंत सगळं दगड. मेन कॉक बंद केला आणि दार ओढून आले."

"आणि चूल?"

"थंड आहे. हातही लावला नाही मी."

"मग घाबरतेस कशाला? रिकामं घर, थंड चूल—"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य तिथेच सोडलं. "किती वर्षं राहतोयस रे इथे?"

आणि मला कळलं. वडिलांना पुरून मी गावाकडे परतलो होतो, तेव्हा माझं घर गरम होतं. चुलीवर सूप होतं. रोसाल्बा चिग्वायने निरोप ऐकून आधीच येऊन पेटवून ठेवली होती. लांबून परतणारं माणूस थंड घरात शिरता कामा नये, हे आमच्या गावात कोणी कोणाला शिकवत नाही. सगळे जन्मतःच ते घेऊन येतात. ज्याचं घर जवळ, तो जातो आणि चूल पेटवतो. फेर्मिनच्या भिंतीला भिंत लागून घर होतं रोसाल्बाचं. गावातली सगळ्यांत मायाळू बाई. आणि तिचा रेडिओ दिवसभर चालू असायचा.

"कोणाला सांगून नाही आलीस?" मी विचारलं.

"संध्याकाळी गरम फडकी लावून सोडवणार होते. गुपचूप. तो शनिवारी यायचा होता. कोणाला कळलं नसतं."

नदीच्या वळणावर गाडीचं ढुंगण रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलं आणि परत आलं. चढण सुरू झाली तशी चाकं जागच्या जागी गरगरू लागली. साखळ्या चढवाव्या लागल्या. माझी बोटं साखळीला चिकटत होती. तिने मला बाजूला ढकललं आणि उघड्या हातांनी स्वतः कड्या अडकवल्या. रेडिओ चालू होता. एवढ्या वेळात रोसाल्बा पदरचं सरपण घेऊन निघाली असेल. पोचली असेल. चिपाट्या रचत असेल. तिची धाकटी नात आजीचं शेपूट होती. तीही बरोबर असेल.

चढणीच्या माथ्यावर सान सेबास्तियानची देवळी आहे. साऱ्या रस्त्यात फोन लागतो तो तिथे, आणि तोसुद्धा दगडी पायरीवर चढून संताला मिठी मारली तर. एदुविनाने मिठी मारली. संत हलला, पण लागला.

"रेडिओ," बाल्दोमेरोचा आवाज आला. "निरोप थोडक्यात सांगा."

"फेर्मिनची चूल कोणी पेटवू नका म्हणून सांग. आत्ताच्या आत्ता."

"का बरं?"

"तू नुसतं सांग रे!"

"दोन्या एदुविना, तो म्हातारा हाड कापून घेऊन येतोय आणि मी सांगू चूल पेटवू नका? कोण ऐकेल? उलट मलाच शिव्या पडतील. काहीतरी कारण द्या."

संताला मिठी मारताना तिची टोपी सरकली होती. संताच्या खांद्यावरून ती खाली पाहत होती, जिथे उताराआड आमचं गाव होतं. फोन केव्हाही तुटला असता. मी ओरडणार होतो. पण तिच्याकडे पाहून ओरडवलं नाही. या रेडिओचा आवाज डोंगरापलीकडच्या शेवटच्या धनगराच्या झोपडीपर्यंत जातो.

"सांग की पाइप गोठलाय," ती म्हणाली. "एदुविना नावेल्किनच्या हाताखालचा पाइप गोठलाय."

पलीकडे पेन्सिल खाली पडल्याचा आवाज आला.

"कोणाच्या हाताखालचा?"

"ऐकलंस तू."

"खरंच, दोन्या?"

"खरंच! आणि चूल पेटवली तर फुटेल म्हणावं! ऐकतोयस का? फुटेल! बाल्दोमेरो?"

फोन तुटला होता. पुन्हा लावला, लागला नाही. मी संताला मिठी मारून पाहिली, तरी लागला नाही. आम्ही गाडीत बसलो आणि उताराला लागलो.

रेडिओवर अकॉर्डियन वाजत होतं. कोणा वाढदिवसवाल्या काकांना त्यांच्या सगळ्या पुतण्यांनी गाणं भेट दिलं होतं, आणि पुतणे भरपूर होते. एकेकाचं नाव घेतल्याशिवाय बाल्दोमेरो पुढे जाईना. एदुविना रेडिओकडे असं बघत होती की तो वितळला कसा नाही, याचं मला नवल वाटतं.

"आता एक तातडीचा निरोप," शेवटी तो म्हणाला. "लास बांदुरियासकरांनो, बसून घ्या. एदुविना नावेल्किन यांच्या हाताखालचा पाइप गोठला आहे. हो मंडळी, बरोबर ऐकलंत. मीही दोनदा विचारलं. फेर्मिन ओयार्सोची चूल कोणी पेटवू नये अशी त्यांची विनंती आहे. आता ऐकू या—"

"आणि फुटेल ते?" एदुविना किंचाळली. "फुटेल ते कुठे गेलं?"

ते संताच्या खांद्यावरच राहिलं होतं.

गाव दिसलं तेव्हा मी आधी धुराडं शोधलं. फेर्मिनच्या धुराड्यातून धूर येत होता. जाड, सरळ, पोटभर खाल्लेल्या चुलीचा धूर. आणि त्याच्या दारात ट्रॅक्टर उभा होता, दोन घोडे बांधलेले होते, आणि सगळं गाव गोळा झालं होतं.

गाडी थांबायच्या आत ती उतरली. मी मागून धावलो. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. येर्बाचा पेला हातोहात फिरत होता. बाया, बाप्ये, पोरं, एक कुत्रा. मधोमध बाह्या वर करून रोसाल्बा, तिच्या कमरेला नात, आणि तिच्यासमोर चूल. चुलीचा वरचा पत्रा लालसर झाला होता.

"आलीस दोन्या!" रोसाल्बाचे डोळे भरून आले. "तू काही काळजी करू नकोस. रेडिओवर ऐकलं आणि सगळे हातातलं टाकून धावलो. तुला वाटलं असेल, एकटीने गुपचूप सोडवावं, म्हणून पेटवू नका म्हणालीस. वेडी आहेस का? आम्ही मेलो आहोत का? खालचाच पाइप ना तो, घर तापलं की सुटेल; सगळ्यांनी आपापलं सुकं सरपण आणलंय. फेर्मिन यायच्या आत सुटतो बघ तुझा पाइप. त्याला पत्ता लागणार नाही!"

"बसमध्येही रेडिओ असतो," मागून कोणीतरी म्हणालं.

"तू गप रे!"

आणि त्याच वेळी चुलीच्या पोटातून आवाज आला. टक्. मग थोडं थांबून, टक् टक्. आत कोणीतरी बारीक हातोडी घेऊन बसल्यासारखा.

"सगळे बाहेर," एदुविना म्हणाली.

हळू म्हणाली. तिथेच घोटाळा झाला. तिचा हळू आवाज गावात कोणी कधी ऐकला नव्हता. सगळ्यांना वाटलं, बाई रडतेय. रोसाल्बा तिला मिठीत घ्यायला पुढे आली. "रडू नकोस गं. आधी एक पेला घे—"

टण्!

किटली चुलीवरून वीतभर उडाली आणि आडवी पडली. मग सगळेच एकदम दाराकडे धावले, आणि दार एका माणसाच्या मापाचं असल्यामुळे त्यात पाच जण अडकले. एदुविनाने पाठीमागून खांदा लावला आणि बूच उडावं तसे ते अंगणात जाऊन पडले. नात, कुत्रा, पेला, सगळं त्यांच्याबरोबर.

मीही गेलो असतो. पण तिने माझ्या हातात राखेची बादली दिली होती आणि ती खाली ठेवायची कुठे, हे मला सुचेना.

तिने चुलीचं दार उघडलं. आत सगळ्या गावाची माया धडधडून पेटली होती. ती फावड्याने जळती लाकडं ओढून बादलीत टाकू लागली.

"पाणी ओता! पाणी!" खिडकीतून कोणीतरी ओरडलं.

"ओतून बघ! तुझ्या आधी तुझी टोपी कोयाइकेला पोचेल!" ती गरजली. तिचा आवाज परत आला होता, आणि मला इतकं बरं वाटलं की मी बादली पुढे धरली. तापल्या लोखंडावर थंड पाणी म्हणजे तडा, आणि तडा म्हणजे सगळं संपलं.

मी बादली नेऊन बर्फात उपडी केली. फुस्स करून वाफ उठली. परत आत. टक् टक् टक्, आता न थांबता. दुसरी बादली घेऊन रोसाल्बा दारातून आत शिरली. तिच्या गालांवर पाणी ओघळत होतं.

"बाहेर हो!" एदुविना ओरडली.

"मी पेटवली, मीच काढणार!"

"नात आहे तुला!"

"म्हणून तर! लवकर भर!"

वाद घालायला वेळ नव्हता. आम्ही तिघं ये-जा करत राहिलो. एदुविनाच्या हातमोज्यांतून धूर निघत होता. तिने ते दाताने ओढून फेकले आणि ओल्या फडक्याने फावडं धरलं. चुलीच्या बाजूचा पत्रा मधोमध फुगल्यासारखा दिसत होता. खरंच फुगला होता की माझे डोळे, कोण जाणे. शेवटचे निखारे तिने गुडघ्यांवर बसून, डोकं जवळजवळ चुलीत घालून खरवडून काढले. मग सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आम्हा दोघांना मानेला धरून अंगणात ओढलं.

"लाकडांच्या मागे! सगळे! खाली बसा!"

फेर्मिनच्या सरपणाच्या रचलेल्या भिंतीआड सगळं गाव बर्फात उकिडवं बसलं. आतून आवाज येत होता: टण्. टक् टक्. टण्. रोसाल्बाने नातीचे कान झाकले होते. एदुविना आपले भाजलेले हात बर्फात खुपसून धुराड्याकडे पाहत होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती प्रार्थना करत नव्हती. मी जवळ होतो. ती फेर्मिनला शिव्या देत होती.

अशा वेळी बस आली.

फेर्मिन काठी टेकत खाली उतरला. त्याने घराकडे पाहिलं. भर जुलैत सगळ्या खिडक्या सताड उघड्या. अंगणात ठिकठिकाणी धुमसणारी लाकडं. आणि लाकडाच्या गंजीमागे ओळीने टोप्या.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही! खाली बस!" एदुविना ओरडली.

"नवीन खुबा आहे, नावेल्किन. डॉक्टरांनी सांगितलंय, उकिडवं बसायचं नाही."

"मग आडवा हो!"

ती उठली, धावत गेली, त्याला कमरेत धरून उचललं आणि गंजीमागे आणून आडवं ठेवलं. डॉक्टरांनी याबद्दल काही सांगितलं नसावं, कारण तो एक शब्द बोलला नाही.

तेवढ्यात छपरातून शिट्टी वाजली. आधी बारीक, मग जहाजाच्या भोंग्यासारखी. माळ्यावरच्या पिंपातून छपराबाहेर काढलेल्या नळीच्या तोंडचं बर्फ सुटलं होतं; गोळीसारखा एक तुकडा उडाला आणि मागोमाग वाफेचा पांढरा झोत आकाशात गेला. मग गंजाचं तांबडं पाणी छपरावर थुंकत थुंकत तो झोत बारीक झाला. आतली हातोडी थांबली. टक्. मग बराच वेळ काही नाही.

एदुविना बर्फात फतकल मारून बसली. तिने हात तोंडावर घेतले, आणि तिचे खांदे हलू लागले. ती हसतेय की रडतेय, हे आम्ही कोणी पाहिलं नाही. सगळे शिष्टाचार म्हणून डोंगराकडे पाहत होतो.

मग फेर्मिनच्या घराखालून पाणी यायला लागलं. गोठून आधीच फुटलेला पाइप आता सुटला होता आणि पिंपातलं उरलंसुरलं पाणी पायरीवरून सावकाश उतरत, जागच्या जागी काच होत चाललं होतं.

"नावेल्किन," फेर्मिन आडव्यानेच म्हणाला, "माझ्या घरातून पाणी येतंय."

"हो."

"तुझ्या हाताखालचा पाइप."

"हो. रेडिओवर सांगितलंय मी."

"ऐकलं. ड्रायव्हरने आवाज वाढवला होता. सगळी बस रडत होती." त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. पुढचा टोमणा त्याच्या तोंडावर आलेला मला दिसला, आणि त्याने तो गिळला. मी त्याला ओळखतो. नवा खुबा बसवून घेण्यापेक्षा हे अवघड होतं. "पाइप रिकामा करू द्यायला हवा होता," तो म्हणाला.

"सकाळी सांगायला हवं होतं मी," ती म्हणाली.

एवढंच. त्या घरात राहण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून फेर्मिनची गादी समोर एदुविनाच्या स्वयंपाकघरात, त्या वाकड्या लोखंडी दाराखाली टाकली गेली. हिवाळाभर तो तिथेच राहिला. हात बरे होईपर्यंत पेला तो भरायचा आणि ती नुसती भांडायची. संध्याकाळी ती खिडक्यांना कान लावत फिरायची, तेव्हा तो काठी टेकत मागे असायचा आणि पलीकडच्या खिडकीला कान लावायचा. गावात कुजबुज सुरू झाली. रोसाल्बाने लग्नाच्या दुलईसाठी लोकर बाजूला काढली, आणि या वेळी धुवून काढली. एदुविनाचं वाक्यही बदललं. "माझ्या हाताखालचा पाइप एकदाच गोठलाय," ती म्हणायची, आणि तेवढ्याच मोठ्याने.

सप्टेंबरात बर्फ वितळल्यावर फेर्मिनने ती चूल भंगारात दिली, विजेचा गीझर बसवून घेतला आणि आपल्या घरी राहायला गेला.